रडार गन ते टॉमी जॉन सर्जरी : मायनर लीग पिचरचं करिअर आकड्यांवर कसं ठरतं?

रिंकू सिंग म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर केकेआरचा डावखुरा फलंदाज येतो, शेवटच्या षटकात सलग पाच षटकार मारून सामना फिरवणारा. पण याच नावाचा आणखी एक डावखुरा खेळाडू उत्तर प्रदेशातून निघून २००८ मध्ये अमेरिकेत पोचला होता, आणि तोही बेसबॉल खेळायला! हा खेळ तो त्याआधी कधी खेळलेलाच नव्हता. त्याला तिथपर्यंत नेलं ते एका आकड्याने : ताशी ८७ मैल, म्हणजे १४० किलोमीटर.

हा आकडा रडार गनवर दिसला होता. रडार गन तो आकडा नक्की कसा काढते, त्यात काय दिसतं आणि काय दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यावर एका पिचरचं करिअर कसं ठरतं, हे आज आपण समजून घेऊया. बेसबॉल माहीत नसेल तरी हरकत नाही. क्रिकेट माहीत असलं की काम भागतं.

आधी चार शब्द समजून घ्या

पिचर म्हणजे ढोबळमानाने गोलंदाज. तो रनअप घेत नाही. माउंड नावाच्या छोट्या उंचवट्यावर उभा राहून १८.४४ मीटर लांब असलेल्या होम प्लेटकडे चेंडू फेकतो. क्रिकेटमध्ये पिच म्हणजे खेळपट्टी, पण इथे पिच म्हणजे टाकलेला एक चेंडू. चेंडू टप्पा खात नाही, थेट हवेतून जातो.

होम प्लेटच्या रुंदीएवढी आणि बॅटरच्या गुडघ्यापासून साधारण छातीपर्यंत उंच अशी एक काल्पनिक चौकट असते. तिला स्ट्राइक झोन म्हणतात. चेंडू त्यातून गेला तर स्ट्राइक, बाहेरून गेला आणि बॅटरने बॅट फिरवली नाही तर बॉल. चार बॉल झाले की बॅटरला फुकटात पहिला बेस मिळतो. थोडक्यात, नुसता वेग असून चालत नाही, चेंडू हव्या त्या जागी पडावा लागतो.

आणि मायनर लीग? मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० संघ आहेत. प्रत्येकाच्या हाताखाली तरुण खेळाडू घडवणारे संघ असतात, ते मायनर लीगचे. सगळ्यात खाली फ्लोरिडा आणि ॲरिझोनामधली रुकी पातळी, मग सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि सगळ्यात वर ट्रिपल-ए. २०२१ मध्ये या रचनेची काटछाट झाली. आधी असे १६० संघ होते, ते १२० वर आले. म्हणजे मेजर लीगच्या प्रत्येक संघामागे चार. आपल्या भाषेत सांगायचं तर मायनर लीग हा स्टेजिंग सर्व्हर आहे आणि मेजर लीग प्रॉडक्शन. फरक एवढाच, की इथे बिल्ड फेल झाला की माणूस घरी जातो.

एक टॅलेंट शो आणि एक रडार गन

२००८ मध्ये जे. बी. बर्नस्टीन या अमेरिकन एजंटने भारतात 'मिलियन डॉलर आर्म' नावाची स्पर्धा घेतली. कल्पना साधी होती. भारतात इतकी मुलं क्रिकेट खेळतात, तर त्यांच्यात एखादा तरी बेसबॉलचा पिचर सापडेलच. ३७ हजारांहून जास्त मुलांनी चेंडू फेकून पाहिला. निवडले गेलेले दोघे मात्र गोलंदाज नव्हते, भालाफेकपटू होते : भदोही जिल्ह्यातला रिंकू सिंग आणि वाराणसीचा दिनेश पटेल. रिंकूने स्पर्धा जिंकली आणि १ लाख डॉलर मिळवले.

लॉस एंजेलिसमध्ये माजी पिचर आणि नावाजलेले प्रशिक्षक टॉम हाउस यांनी दोघांना शिकवलं. नोव्हेंबर २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांशी करार केला. अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉलचा करार मिळवणारे ते पहिले भारतीय. २०१४ चा डिस्नेचा 'मिलियन डॉलर आर्म' हा सिनेमा साधारण इथेच संपतो. पण पिचरचं करिअर खरं तर इथून सुरू होतं.

रडार गन काम कशी करते?

१९७४ ची गोष्ट. मिशिगन स्टेट विद्यापीठाचे बेसबॉल कोच डॅनी लिटव्हायलर यांच्या लक्षात आलं की भरधाव गाड्या पकडणारी पोलिसांची रडार गन चेंडूसाठीही वापरता येईल. त्यातूनच बेसबॉलची पहिली रडार गन बाजारात आली. त्याआधी स्काउट, म्हणजे खेळाडू शोधत गावोगाव फिरणारी मंडळी, वेगाचा अंदाज नजरेनेच बांधत.

यामागचं तत्त्व आपण बारावीला शिकलोय : डॉप्लर परिणाम. हॉर्न वाजवत येणारी गाडी जवळ येताना आवाज चढा लागतो आणि पुढे निघून गेली की उतरतो. रडार गन आवाजाऐवजी मायक्रोवेव्ह लहरी सोडते. चेंडूवर आपटून परत आलेल्या लहरीची वारंवारता किंचित वाढलेली असते. ती किती वाढली, त्याचं सूत्र असं :

वारंवारतेतला फरक = २ × चेंडूचा वेग × मूळ वारंवारता ÷ प्रकाशाचा वेग

यात २ कशासाठी? कारण फरक दोनदा पडतो. चेंडू लहरीकडे धावत जातो तेव्हा एकदा, आणि तीच लहर परत पाठवताना पुन्हा एकदा.

आता आकडे घालून बघू. गन २४ गिगाहर्ट्झची आहे आणि चेंडू सेकंदाला ४० मीटर, म्हणजे ताशी १४४ किलोमीटरने येतोय. २ × ४० × २४ अब्ज ÷ ३० कोटी = ६४०० हर्ट्झ. २४ अब्जांमध्ये फक्त ६४०० चा फरक! तो थेट मोजणं अवघड. म्हणून गन सोडलेली आणि परत आलेली अशा दोन्ही लहरी एकमेकींत मिसळते. मोठ्या वारंवारता गळून जातात आणि उरतो तो नेमका फरक. ६४०० हर्ट्झ ही तर माणसाला ऐकू येणारी वारंवारता आहे. पुढचं काम साध्या सिग्नल प्रोसेसिंगचं. ज्यांनी इंजिनिअरिंगला फूरिए ट्रान्सफॉर्मवर रात्री जागवल्यात, त्यांना कळेलच की तो पेपर कुठे कामाला येतो.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवायच्या. एक, गन चेंडूच्या रेषेतच धरावी लागते. २० अंश बाजूला उभे राहिलात तर गनला वेगाचा तेवढाच भाग दिसतो आणि १४० चा चेंडू १३२ च्या आसपास भरतो. म्हणून स्काउट होम प्लेटच्या मागे सरळ रेषेत बसतात. दुसरी, हवेच्या विरोधामुळे हातातून सुटलेला चेंडू प्लेटपर्यंत पोचेस्तोवर साधारण ८ टक्के वेग गमावतो. म्हणजे वेग कुठे मोजला यावर आकडा बदलतो. जुन्या गनवरचे आणि आजचे आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही, ती याचमुळे.

एका आकड्यात काय दिसत नाही?

रडार गन फक्त वेग सांगते. पण बॅटरला चकवायला वेगाइतकीच चेंडूची फिरकी लागते.

मेजर लीगमधला सर्वसाधारण फास्टबॉल मिनिटाला सुमारे २३०० फेरे घेतो. हातातून सुटल्यापासून प्लेटपर्यंत जेमतेम ०.४ सेकंद लागतात, तेवढ्यात त्याचे १५-१६ फेरे होतात. ही फिरकी उलटी असते, म्हणजे चेंडूचा वरचा भाग पिचरच्या दिशेने मागे फिरतो. अशा फिरणाऱ्या चेंडूला हवा वर ढकलते. याला मॅग्नस परिणाम म्हणतात. एवढ्या वेळात नुसत्या गुरुत्वाकर्षणाने चेंडू साधारण ८० ते ९० सेंटिमीटर खाली यायला हवा. चांगल्या उलट्या फिरकीमुळे त्यातले ४० सेंटिमीटर वाचतात. बॅटरचा मेंदू नेहमीच्या घसरणीचा हिशोब करून बॅट फिरवतो आणि चेंडू बॅटच्या वरून निघून जातो. चेंडू वर चढला असं त्याला वाटतं, पण प्रत्यक्षात तो फक्त कमी पडलेला असतो.

पण सगळीच फिरकी कामाची नसते. बंदुकीच्या गोळीसारखा, म्हणजे स्वतःच्या प्रवासाच्या दिशेभोवतीच फिरणारा चेंडू असेल, तर मॅग्नस परिणाम होतच नाही. म्हणजे दोन पिचरचा वेग १४५, दोघांची फिरकी २३००, तरी एकाचा चेंडू उंच टिकतो आणि दुसऱ्याचा सरळ बॅटवर येतो. रडार गनवर मात्र दोघांनाही सारखेच मार्क!

रिंकू आणि दिनेश यांचंच बघा. दोघांचाही हात तयार होता, पण मायनर लीगमध्ये वेग ही फक्त प्रवेश परीक्षा असते. २००९ च्या पहिल्या हंगामात रिंकू ११ सामने खेळला आणि त्याचा ईआरए ५.८४ होता. ईआरए म्हणजे ९ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर सरासरी किती धावा गेल्या. हा आकडा जितका कमी तितका चांगला, म्हणजे ५.८४ वाईटच. दिनेशला २०१० मध्येच संघाने मोकळं केलं. रिंकू टिकला, शिकत राहिला. २०१२ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया पॉवर या क्लास-ए संघाकडून ३९ सामने, ७२ इनिंग, ६५ बॅटर स्ट्राइकआउट आणि ईआरए थेट ३.०० वर. चार वर्षांपूर्वी हा खेळ माहीत नसलेल्या मुलासाठी ही प्रगती थक्क करणारी आहे, आणि ती त्या १४० च्या आकड्यातून कुणालाच कळली नसती.

हॉक-आय मैदानात येतं

रिंकू शिकत होता त्याच काळात बेसबॉलमधली मोजमापंही बदलत होती. २००६ मध्ये मेजर लीगच्या प्लेऑफमध्ये पिच एफएक्स ही कॅमेऱ्यांवर चालणारी यंत्रणा पहिल्यांदा वापरली गेली आणि २००८ पर्यंत ती सगळ्या मैदानांत बसली. २०१५ मध्ये स्टॅटकास्ट आलं. त्यात रडार आणि कॅमेरे दोन्ही होते. २०२० पासून स्टॅटकास्टमध्ये हॉक-आय आलं. हो, आपल्या डीआरएसमधलंच हॉक-आय! प्रत्येक मैदानात १२ कॅमेरे असतात. एकच चेंडू वेगवेगळ्या कोनांतून दिसला की त्रिकोणमितीने हवेतली त्याची नेमकी जागा काढता येते. अशा लागोपाठच्या जागा जोडल्या की वेग, वळण, हात सुटण्याची उंची सगळं मिळतं. हेच कॅमेरे पिचरचा खांदा, कोपर आणि मनगटही टिपतात.

मायनर लीगच्या पिचरला मात्र एवढ्या मोठ्या यंत्रणेची वाट पाहावी लागली नाही. रॅप्सोडोसारखं बॅगेत मावणारं उपकरण वेग आणि फिरकी दोन्ही सांगतं. हाय-स्पीड कॅमेरा लावला की चेंडू बोटांतून सुटतानाचा क्षण संथ गतीने बघता येतो. वॉशिंग्टन राज्यातल्या केंट गावातल्या ड्राइव्हलाइन बेसबॉलसारख्या केंद्रांनी यावर एक पद्धतच बसवली. पिच टाका, आकडे बघा, बोटांची पकड थोडी बदला, पुन्हा टाका. आपण कोड लिहितो, टेस्ट चालवतो, बदलतो, अगदी तसंच. याला पिच डिझाइन म्हणतात.

त्यावर मशीन लर्निंगचा थर चढला. वेग, फिरकी, वळण, हात सुटण्याची जागा हे सगळं मॉडेलला दिलं की चेंडू बॅटरला किती त्रास देईल याचा एकच स्कोअर मिळतो. बॅटरने प्रत्यक्षात काय केलं हे न बघताही! मायनर लीगच्या पिचरसाठी हे वरदान ठरू शकतं. ईआरए वाईट आहे, पण चेंडूचे गुण चांगले आहेत, अशा खेळाडूला संघ आणखी एक संधी देतो. यातला बराच डेटा सगळ्यांसाठी खुला आहे. बेसबॉल सव्हंट या संकेतस्थळावर ट्रिपल-ए मधल्या पिचचीही माहिती मिळते. पायथन शिकत असाल तर सरावासाठी यासारखा डेटा शोधून सापडणार नाही.

आता कोपराकडे वळूया

इथपर्यंत सगळं चेंडूबद्दल झालं. पण चेंडू फेकतो तो हात.

क्रिकेटमध्ये गोलंदाजाला कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ करता येत नाही, नाहीतर तो फेकी गोलंदाज ठरतो. पिचरला असं काही बंधन नाही. तो कोपर वाकवतो, हात मागे नेतो आणि चाबकासारखा पुढे आणतो. त्या क्षणी खांदा सेकंदाला सुमारे ७००० अंश या वेगाने आत वळतो. हात तसाच फिरत राहिला असता तर सेकंदात १९ पूर्ण फेरे झाले असते. भालाफेकीतही कोपरावर असाच ताण येतो. नीरज चोप्राच्या कोपरावरही २०१९ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली होती, हे अनेकांना आठवत असेल.

हात मागून पुढे येताना कोपर आतल्या बाजूने उघडू पाहतो. त्याला धरून ठेवतं ते अल्नर कोलॅटरल लिगामेंट, म्हणजे दंडाचं हाड आणि हाताचं हाड यांना जोडणारा आतल्या बाजूचा पट्टा. प्रयोगशाळेतल्या मोजणीनुसार पिच टाकताना कोपरावर सुमारे ६४ न्यूटन-मीटर टॉर्क येतो. सोप्या भाषेत, कोपरापासून ३० सेंटिमीटरवर साधारण २२ किलोचं वजन टांगल्यासारखं, तेही आडव्या दिशेने आणि झटक्यात. मृतदेहांवरच्या चाचण्यांत हे लिगामेंट त्याच्या साधारण निम्म्या टॉर्कला तुटतं. मग रोज कोपर का तुटत नाही? कारण उरलेला भार भोवतालचे स्नायू आणि हाडांचा सांधा उचलतात. पण स्नायू थकले की तो भार लिगामेंटवर सरकतो. म्हणजे जोर लावून टाकलेला प्रत्येक चेंडू मर्यादेच्या अगदी काठावरून जातो. सर्व्हर सतत ९५ टक्के सीपीयूवर चालवला तर काय होतं ते आपल्याला माहीत आहे.

टॉमी जॉन सर्जरी म्हणजे काय?

१९७४ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सचा पिचर टॉमी जॉन याचं हे लिगामेंट फाटलं. तोपर्यंत अशी दुखापत म्हणजे करिअरचा शेवट. डॉ. फ्रँक जोब यांनी २५ सप्टेंबर १९७४ रोजी त्याच्या दुसऱ्या हाताच्या मनगटाजवळचा टेंडन काढला, हाडांना भोकं पाडून तो कोपरात ओवला आणि नवं लिगामेंट तयार केलं. टॉमी जॉन १९७६ मध्ये परतला, १९८९ पर्यंत खेळला आणि शस्त्रक्रियेनंतर त्याने तब्बल १६४ सामने जिंकले.

तो टेंडन बघायचाय? अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा आणि मनगट थोडं आत वाकवा. मनगटाच्या मधोमध दोरीसारखं काही उठून दिसलं तर तोच पाल्मारिस लाँगस. नाही दिसला तरी घाबरू नका. बऱ्याच लोकांना तो जन्मतःच नसतो आणि त्यावाचून काही अडत नाही. म्हणूनच तर तो काढून वापरता येतो.

शस्त्रक्रियेनंतर परत चेंडू टाकायला साधारण १२ ते १८ महिने लागतात. मेजर लीगच्या स्टारला हे परवडतं. त्याचा करार चालू असतो, जागा राखलेली असते. मायनर लीगच्या पिचरसाठी दीड वर्ष म्हणजे दीड वर्षाने वाढलेलं वय, आणि खालून येणारी नवी पोरं.

२०१२ च्या त्या चांगल्या हंगामानंतर रिंकूला दुखापतींनी गाठलं. त्याच्याही कोपरावर टॉमी जॉन सर्जरी झाली. २०१४ मध्ये त्याच्यावरचा सिनेमा थिएटरमध्ये लागला तेव्हा तो स्वतः मैदानाबाहेर बसून हात बरा होण्याची वाट पाहत होता.

जे मोजलं ते वाढलं

रिंकूचा हात नेमका कशामुळे गेला हे कुणी ठामपणे सांगू शकत नाही. पण एकंदर चित्र स्पष्ट आहे. डिसेंबर २०२४ मध्ये मेजर लीगने पिचरच्या दुखापतींवर स्वतःचाच एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यातले आकडे बघा :

फास्टबॉलचा सरासरी वेग २००८ मध्ये ताशी ९१.३ मैल होता, तो २०२४ मध्ये ९४.२ मैल झाला.

मेजर आणि मायनर लीग मिळून कोपराच्या या शस्त्रक्रिया २०१० मध्ये १०४ झाल्या होत्या, २०२४ मध्ये २८१.

कारणं काय दिली? जास्तीत जास्त वेगाचा आणि चेंडूच्या मोजता येणाऱ्या गुणांचा हव्यास, आणि प्रत्येक पिचला पूर्ण जोर लावण्याची सवय.

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने एक नियम ओळखला जातो : एखादं मोजमाप हेच ध्येय झालं की ते चांगलं मोजमाप राहत नाही. आपल्या क्षेत्रात याची उदाहरणं पैशाला पासरी आहेत. कोडच्या ओळी मोजल्या की ओळी वाढतात, बंद केलेली तिकिटं मोजली की एकाच कामाची पाच तिकिटं होतात. पिचिंगमध्येही तेच झालं. वेग मोजला, वेग वाढला. फिरकी मोजली, फिरकी वाढली. फरक एवढाच की कोडच्या फालतू ओळी नंतर काढून टाकता येतात. लिगामेंटला अनडू नाही.

मग पिचर जोर कमी का करत नाहीत?

कारण पैसा. रिंकू आला त्या काळात मायनर लीगच्या पहिल्या हंगामातल्या खेळाडूला महिन्याला सुमारे ११०० डॉलर मिळत, तेही फक्त हंगाम चालू असेपर्यंत. वर्षाचे उरलेले महिने मिळेल ते काम करायचं. खेळाडूंनी २०१४ मध्ये दावा लावला आणि २०२२ मध्ये मेजर लीगने १८.५ कोटी डॉलर देऊन तो मिटवला. २०२३ मध्ये मायनर लीगच्या खेळाडूंचा संघटनेमार्फत पहिला सामूहिक करार झाला. सिंगल-ए मधला किमान वार्षिक पगार ११,००० वरून २६,२०० डॉलर आणि ट्रिपल-ए मधला १७,५०० वरून ३५,८०० डॉलर झाला.

सुधारणा मोठी आहे, पण त्याच वर्षी मेजर लीगमधला किमान पगार ७,२०,००० डॉलर होता. म्हणजे शेवटची एक पायरी चढली की पगार २० पट. ती पायरी चढायला ताशी दोन मैल वेग कमी पडत असेल, तर २३ वर्षांचा पोरगा काय करेल? कोपराचा विचार करून जपून टाकेल? त्याच्या जागी आपण असतो तर आपणही जोरच लावला असता. त्यामुळे दोष त्या पोराचा नाही, त्याला ज्या आकड्यावर बढती मिळते त्या आकड्याचा आहे.

कोपर मोजता येत नाही का?

प्रयत्न झालेत. मोटस नावाच्या कंपनीने कोपरावर चढवायची एक बाही बनवली. त्यात एक छोटा सेन्सर असतो, आपल्या मोबाइलमध्ये असतो तसाच ॲक्सेलरोमीटर आणि जायरोस्कोप. हात किती वेगाने फिरला यावरून तो कोपरावरच्या टॉर्कचा अंदाज काढतो. २०१६ मध्ये मेजर लीगने सामन्यात ती वापरायला परवानगीही दिली.

पण इथे मूळ अडचण आहे. सेन्सर सांगतो तो सांध्यावरचा एकूण ताण. त्यातला किती स्नायूंनी उचलला आणि किती लिगामेंटवर आला, हे बाहेरून कळत नाही. आज पिचर किती थकलाय आणि आधीच्या हजारो चेंडूंनी लिगामेंट किती झिजलंय, याचाही थेट मीटर नाही. पुलावरून किती टनांचा ट्रक गेला हे कळतं, पण पुलाच्या आतल्या सळईला कुठे चीर गेली ते कळत नाही, तसं.

त्यामुळे सध्या तरी हाताशी असलेला साधा उपाय जुनाच आहे : चेंडू मोजणे. अमेरिकेत मुलांसाठी पिच स्मार्ट नावाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. दिवसाला ९-१० वर्षांच्या मुलाने ७५, ११-१२ वर्षांच्या मुलाने ८५ आणि १३-१४ वर्षांच्या मुलाने जास्तीत जास्त ९५ पिच टाकाव्यात. १४ वर्षांपर्यंतच्या मुलाने एका दिवसात ६६ किंवा जास्त पिच टाकल्या तर पुढचे चार दिवस विश्रांती. यासाठी ना १२ कॅमेरे लागतात ना मशीन लर्निंग. वही-पेन पुरतं.

आपल्याकडे बेसबॉल फारसं नसलं तरी हे कामाचं आहे. मुलगा किंवा मुलगी वेगवान गोलंदाजी करत असेल, भाला फेकत असेल, तर मोबाइलमधल्या ॲपवर वेग बघण्याचा मोह होतोच. बघा, जरूर बघा. पण त्याच वहीत त्या दिवशी किती चेंडू टाकले आणि कोपर किंवा पाठ दुखली का, हेही लिहा. पहिला आकडा निवड समितीसाठी आहे. दुसरा त्या मुलासाठी.

रिंकू सिंग पुन्हा कधी माउंडवर जम बसवू शकला नाही. २०१८ मध्ये तो डब्ल्यूडब्ल्यूई कुस्तीत गेला आणि पुढे वीर महान या नावाने लोकांना माहीत झाला. मेजर लीगमध्ये तो पोचला नाही, म्हणून त्याचं करिअर फसलं असं म्हणणं चुकीचं ठरेल. बेसबॉलच्या मायनर लीगमधल्या बहुतेक पिचरची गोष्ट अशीच असते. ८७ या आकड्याने त्याला दार उघडून दिलं. ५.८४ चा ३.०० झाला तो त्याच्या मेहनतीने. आणि शेवट ज्या आकड्याने केला, तो आजही कुठल्याच स्क्रीनवर दिसत नाही.